चित्रातल्या आईची बोटं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा लहान मुलांसाठी गोष्ट लिहिली. अमरावतीत इतकी वर्षं दुसरी-तिसरीला शिकवलं, दुसऱ्यांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. वाटलं, एक आपलीही असावी. गोष्ट माझीच होती, फक्त मुलीला नाव दिलं नव्हतं.

तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी ही मुलगी दुसरीत असते. दिवाळी झाली की तिची आई तिची वेणी घालणं बंद करते. सकाळी नुसतं म्हणते, "जाय, काकूकडून घालून घे." शेजारची काकू केस ओढते, पुटपुटते. एक दिवस काकू गावाला जाते. मग मुलगी आरशासमोर बसून स्वतःच वेणी घालते, वाकडीतिकडी, आणि तशीच शाळेत जाते. एवढीच गोष्ट.

माझ्या मते ती स्वतःचं काम स्वतः करण्याची गोष्ट होती. पण लिहून झाल्यावर वाचली तेव्हा तिच्यात एक जुनी तक्रार आहे हे मलाही कळलं. बाकीच्या मुलींच्या आया ओट्यावर बसून वेण्या घालायच्या आणि मी काकूच्या दारात उभी असायचे. साठी ओलांडली तरी ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. आईशी मात्र त्याबद्दल मी कधी बोलले नव्हते.

अमरावतीतल्या एका छोट्या प्रकाशकांनी गोष्ट घेतली आणि चित्रांसाठी अकोल्याच्या एका मुलीचं नाव सुचवलं. मुलगी म्हणजे तिशीतली, लग्न झालेली, चित्रकलेच्या शिकवण्या घेणारी. महिनाभरानं तिनं पेन्सिलीची कच्ची चित्रं फोनवर पाठवली. आरशाचं चित्र शेवटी होतं. समोर मुलगी, तोंडात रिबीन धरलेली. मागे चुलीपाशी आई बसलेली, आणि तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

मी लगेच फोन केला. "हिच्या हातांना काय झालंय? आई आजारी आहे असं मी कुठं लिहिलं?"

"आजारी नाही, मॅडम. तुम्ही 'दिवाळी झाली की' असं लिहिलंय ना? कापूस वेचायचे दिवस आहेत."

"कापसाचा तर मी शब्दही लिहिला नाही."

"हो. पण ती वेणी कावून घालत नाही, हेच मले समजून नव्हतं राहिलं. आठ दिवस कागद कोरा होता. आई कशी काढू, रागीट काढू का, आळशी काढू? दोन्ही जमेना. मग माझ्या आईकडे पाहिलं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला लागतात, बोटं चिरतात, वर थंडी. त्या चिरेत केस गेला की कळ थेट डोक्यात जाते. माझ्याही वेण्या त्या दिवसांत आत्याच घालायची."

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. राग आला होता. माझ्या गोष्टीत माझ्या आईची बाजू घेणारी ही कोण, असं काहीसं वाटत होतं. प्रकाशकांनी विचारलं, "चित्र बदलायला सांगू का?" मी म्हटलं, थांबा थोडं.

दोन दिवसांनी मी एसटीनं अकोल्याला गेले. चित्रकार मुलगी मला तिच्या माहेरी घेऊन गेली. घर गावाच्या कडेला, मागे शेवंतीचा मळा. तिची आई अंगणात हार गुंफत बसली होती. वय माझ्याएवढंच. सकाळी फुलं, आणि हंगामात दुपारी शेजाऱ्यांच्या वावरात कापूस, असं तिचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. मुलीनं मी आल्याचं कारण सांगितलं तशी ती हसली आणि दोरा खाली ठेवून हात माझ्यापुढे केले. नखांच्या बाजूंना बारीक काळ्या रेघा होत्या, मातीच्या वाटाव्यात अशा. "हे जात नाई ताई," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बुजते, पुन्हा दिवाई झाली का उघडते."

माझ्या आईची बोटं कशी होती, हे मला आठवेना. तिचा आवाज आठवत होता, पदर आठवत होता, पाठ आठवत होती. बोटं नाही. परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत मी तेच आठवायचा प्रयत्न करत होते.

आई आता माझ्या भावाकडे तिवशाला असते. ऐंशी उलटलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिला अक्षर येत नाही. पुढच्या रविवारी मी चित्रांच्या छापील प्रती घेऊन गेले. गोष्ट वाचून दाखवायला तोंड उघडेना, म्हणून नुसती चित्रं दिली. ती खिडकीजवळ बसून एकेक पाहत गेली. काकूला लगेच ओळखलं. शेवटच्या चित्रावर बराच वेळ थांबली.

"हे मी होय?"

"हो."

"चिंध्या चुकल्या," ती म्हणाली. "चिंध्या बांधल्यावर कापूस कसा वेचता येईन? बोटाले बोंड लागलंच पाह्यजे. आमी जवसाचं तेल कोमट करत होतो. वाटीत बोटं बुडवून बसो सकाळी, तवा कुठं मुठी उघडत."

मी तिच्याजवळ सरकले. "मग मला सांगितलं का नाहीस? मला वाटायचं, तुला माझा कंटाळा येतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "सांगाची गोष्ट होती का ते? गावातल्या साऱ्या बायाइचे हात तसेच होते. एक डाव घातली होती तुही वेणी. तू झोपीत होती. मले जमली नाई, सोडून देल्ली." मग म्हणाली, "तुहे केस लय होते, बाई. काकू म्हणे, मुठीत मावत नाईत."

मी तिचा हात हातात घेतला. आता तो मऊ झालाय, म्हातारपणाचा मऊ. ती मात्र चित्राकडेच पाहत होती.

तिथूनच मी अकोल्याला फोन लावून आईकडे दिला. चित्रकार मुलगी विचारत गेली आणि आई सांगत गेली: वाटी काशाची, खोलगट, बसायचं चुलीकडे तोंड करून नाही, बाजूनं, डोक्यावर पदर. वीस मिनिटं दोघी बोलल्या. माझ्या गोष्टीबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

नवं चित्र आलं तेव्हा चिंध्या गेल्या होत्या. आई वाटीत दोन्ही हातांची बोटं बुडवून बसली होती आणि मान वळवून मुलीच्या पाठीकडे पाहत होती. मुलगी आरशात स्वतःलाच बघत होती.

प्रकाशकांना वाटलं, वाचणाऱ्याला कळावं म्हणून शेवटी एखादं वाक्य घालावं. मी नाही म्हटलं. गोष्ट ती मुलगी सांगते, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्या शब्दांत ते येऊच शकत नाही. तिच्या पाठीमागे जे होतं ते चित्रातच राहू दे. गोष्टीतला एकही शब्द मी बदलला नाही. तरी आता ती वाचताना मला ती तक्रारीची वाटत नाही.

पुस्तक निघाल्यावर नांदगाव पेठेजवळच्या एका शाळेत मी ते घेऊन गेले. तिथल्या बऱ्याच मुलांच्या आया कापडाच्या कारखान्यात कामाला जातात. मी वाचत होते आणि मुलं पानं पाहत होती. शेवटचं पान उघडलं तेव्हा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "हिच्या आईचे हात दुखून राहिले."

"कशावरून?" मी विचारलं.

तिनं खांदे उडवले. "दिसते ना," म्हणाली, आणि शेजारणीला नीट दिसावं म्हणून पुस्तक तिच्याकडे सरकवलं.