चिंगळी कांदा

आमची गाय माझ्या शहाणपणानं मेली आणि दोष मी वहिनीवर ढकलला.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कुरुळी गावात कडब्याची पेंढी मिळत नव्हती. ती गाय वहिनीच्या माहेरची. तिचं दूध चाकणला हॉटेलात जाई आणि त्यामुळे घरात वहिनीच्या शब्दाला थोडी किंमत होती. मी तेव्हा पिंपरीला कंपनीत होतो, ओतकामाच्या खात्यात. तिथं भंगारसुद्धा पुन्हा भट्टीत जायचं. तेच डोक्यात घेऊन मी चाकणच्या बाजारातून निवडून टाकलेला बारका, चिंगळी कांदा सायकलवर पोत्यानं आणू लागलो.

वहिनीनं पोत्यात नाक घातलं. "भावजी, ह्यो हिला सोसंल व्हय? माझ्या बापानं कधी गुराला कांदा घातला न्हाई."

"तुमच्या बापाच्या गावात कंपनी कुठं होती?" मी म्हणालो.

ती हसली. बिचारीनं कोंडा लावून लावून गाईला कांदा खायला शिकवलं.

आठवड्यात गाईचं मूत कोऱ्या चहासारखं तांबडं झालं. डोळ्यांच्या आतली लाली उडाली. गुरांचे डॉक्टर आले. "खायला काय घालता?" त्यांनी विचारलं. दादा माझ्याकडं बघत होता. त्याला पोत्यांचं ठाऊक नव्हतं, तो दिवसभर दुष्काळी कामावर असायचा.

"कडबाच," मी म्हणालो. "वहिनी बांधावरचं काय कापून आणतात, कोण जाणे."

वहिनी गोठ्यामागं गेली आणि उरलेला कांदा उकिरड्यात ढकलून तिनं वर शेण ओढलं.

दुसऱ्या दिवशी गाय गेली. पुढं दादा भांडणात हमखास म्हणायचा, "दारातली गाय खाल्लीस तू." ती खाली मान घालून भाकऱ्या थापायची. मी समोर जेवत असायचो.

परवा दादाचं तेरावं झालं. गोठ्याच्या जागी आता भाडेकरूंच्या खोल्या आहेत. वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्या पायाशी बसलो.

"वहिनी, गाय मी मारली. डॉक्टरांपुढं खोटं बोललो. दादा होता तोवर तोंड उघडलं नाही. चुकलो मी. मला माफ करा."