मी सांगितलेला तमिळ पिक्चर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मला तुमच्याकडून थोडी दया लागणार आहे. माझी सासुरवाडी सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. त्या गावात आज मला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. कर्तृत्व काय? तर एक पिक्चर. तोही मी काढलेला नाही, नुसता सांगितलेला!

त्याचं असं झालं. लग्नाआधी मी काही महिने चेन्नईला एका कंपनीत ट्रेनिंगला होतो. तिकडून शिकून आलो काय? 'वणक्कम', म्हणजे नमस्कार, आणि 'आमा', म्हणजे होय. संपलं माझं तमिळ! पण लग्न जमवताना थाप मारायची नाही तर मग कधी मारायची? "तमिळ मला मराठीसारखंच येतं," असं मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, छाती फुगवून सांगून ठेवलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो. मेहुणा गजू पेन ड्राइव्हवर नवा पिक्चर घेऊन आला. "दाजी, अंतराळातला हाय, लय खतरनाक!" लावला तर काय, सगळा तमिळमध्ये! खाली अर्थ सांगणारं एक अक्षर नाही. गजू बंद करायला उठला, तसे मामा गरजले.

"बंद काहून करून राहिला रे? जावई हायत ना घरात! सांगा जावई."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. माझं तमिळ किती पाण्यात आहे ते तिला पक्कं माहीत होतं.

आता पिक्चर कसा होता म्हणाल, तर डोळे दिपले! काय ती यानं, काय तो निळ्या धुळीचा ग्रह! लोखंडाचे हत्ती, त्यांच्या सोंडेतून विजा. अख्खं शहर मुळासकट उचलून आभाळात नेलं हो! पण गोष्ट? गोष्टीचा पत्ताच नाही. यान पेटलंय आणि हीरो नाचतोय. शत्रू दारात उभा आणि एक म्हातारा शास्त्रज्ञ काचेवर गणितं मांडतोय, ती संपतच नाहीत. असल्या पिक्चरला कुठलीही गोष्ट बसते. मी बसवली.

"हा म्हातारा म्हणजे हीरोचा बाप," मी सुरू केलं. "ह्याचा ग्रह आणि व्हिलनचा ग्रह शेजारी शेजारी. बांधावरून वाद आहे."

"ग्रहाला बांध असतोय?" मामा.

"असतोय तर! व्हिलन दरवर्षी थोडा थोडा कोरतो."

मामा ताठ बसले. त्यांचे चुलतभाऊ दत्तराव म्हणजे घराला घर आणि रानाला रान लागून. बांधावरून दोघांचं बोलणं बंद. "भाऊबंद मंजे असाच हरामखोर!" मामा टीव्हीकडं बघून म्हणाले.

मग मी कशाला थांबतो? म्हातारा धाडकन कोसळला, तसा मी त्याला मारून टाकला. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि पुढच्याच सीनला म्हातारा डबा उघडून भात खातोय!

"अगं बाई, हा तर मेला होता न्हवं?" सासूबाई.

"हा त्याचा जुळा भाऊ."

"आधी न्हाई सांगितलं तुमी."

"त्यांनीच लपवून ठेवलं होतं," मी म्हणालो. बायको तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

शेवटी सगळे हत्ती फुटले. मी बांधाचा निकाल हीरोच्या बाजूनं लावला आणि मामांनी टाळ्या वाजवल्या. "पिच्चर दिसाया भारी हाय, पण जावई नसते तर ष्टोरी घंटा कळली नसती." पुढं मी तो पिक्चर हिंदीत बघितला. खरी गोष्ट माझ्यापेक्षा भिकार निघाली, पण ते जाऊ द्या.

इथंच थांबलं असतं तर मी आज सुखात असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरची गाडी आली. विहिरीनं तळ गाठला होता. शेतात हळद लावायची तर मामांना पाणी पाहिजेच होतं आणि पाणाड्यानं त्यांच्या रानातल्या कडुलिंबाखाली जागाही दाखवली होती. आता आपल्याकडं बोअरच्या गाड्या कुठल्या येतात? तमिळनाडूच्या!

गाडीवरचा अण्णा बिचारा हिंदीत सुरू झाला, "साब, गाडी इधर..."

मामांनी त्याला हातानंच थांबवलं. "हिंदी कशाला? हे आमचे जावई. तुमी आपल्या भाषेत मोकळं बोला!"

मी "वणक्कम" म्हणालो. अण्णाचा चेहरा फुलला आणि तो असा सुटला की विचारू नका! कधी वर विजेच्या तारेकडं हात, कधी लिंबाकडं, कधी बांधापलीकडं. प्रत्येक वेळी मी मान डोलवून, "आमा, आमा!"

"काय म्हणतो?" मामांनी विचारलं.

"म्हणतो, जागा एक नंबर आहे. पाणी लागणारच. फक्त गाडी तिकडून वळवून आणतो."

"तुमी हायत मंजे मला घोर न्हाई," म्हणत मामा खुशीत नारळ आणायला घरी गेले.

गाडी बांध ओलांडून दत्तरावांच्या रानात गेली. गेली ती तिथंच उभी राहिली. मशीन उभं करायला लागले.

"दाजी, तिकडं काहून लावून राहिले?" गजू.

"टेस्टिंग असतं."

"दुसऱ्याच्या रानात?"

"त्यांच्यात तसंच करतात. आधी बाजूला एक भोक पाडून अंदाज घेतात."

खरं सांगू? हिंदीत ओरडून थांबवता आलं असतं. पण मग गजूला सगळं कळलं असतं ना! इज्जतीपायी मी गप्प राहिलो आणि मशीन खाली खाली जात राहिलं.

आणि पाणी लागलं! लागलं म्हणजे काय, लिंबाच्या शेंड्याएवढं उडालं! मामा नारळ घेऊन पोचले, तेव्हा दत्तराव पलीकडं हात जोडून भिजत उभे होते. मामा बांधावरच थिजले. नारळ कुठं फोडावा ते त्यांना कळेना.

"अण्णा, हे काय केलं?"

"साब, नीम के ऊपर तार है, उधर मशीन खड़ा नहीं होता. दामादजी को पूछा, उस पार का खेत भी आपका है ना? वो बोले, हाँ, हाँ."

"मग मला हिंदीत काहून न्हाई सांगितलं?"

"आपने ही तो मना किया, साब."

मामांनी माझ्याकडं सावकाश बघितलं. "जावई, मेलेला म्हातारा वापस आणला होता तुमी. आता हे भोक बांधाच्या अलीकडं आणा."

दत्तराव मात्र बोलणं बंद आहे हे साफ विसरले. त्यांनी पळत येऊन ओला गमछा माझ्याच गळ्यात टाकला, "जावई असावा तर असा!" मामांनी पुढं आपल्या हद्दीत दुसरा बोअर घेतला. नुसता फुफाटा निघाला.

दिवाळीला परत गेलो. ओसरीवर टेकलो. सासूबाईंनी रीतीप्रमाणं बायकोच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. दुसरा तांब्या माझ्याकडं येत होता, तो मामांनी मधेच धरला आणि दत्तरावांच्या दाराकडं बोट केलं.

"तुमचं पाणी तिकडं हाय."