पाठीवरचा हात

आमच्या घरात माझ्या बापाचं कुणी ऐकत नसे. हे मी वाईट मनानं सांगत नाही, तो स्वतःच तसं सांगायचा. बैल कुठला घ्यायचा, पोरगी कुठल्या गावात द्यायची, रोप कुठल्या खाचरात टाकायचं, सगळा हुकूम आईचा. आज वाल शिजवू का माठाची भाजी करू, एवढं विचारलं तरी बा ओट्यावरून उठून गुरांना पाणी दाखवायला जायचा.

बाहेरचा हुकूम माझ्या धाकट्या चुलत्याचा. त्याचा आवाज पळसदरीच्या टेशनावर ऐकू जातो, अशी त्याची ख्याती होती. एका उन्हाळ्यात गवताच्या गंजीनं पेट घेतला, तेव्हा त्यानं नुसतं ओरडून सारा गाव ओढ्यापासून खळ्यापर्यंत रांगेत उभा केला. घागरी हातोहात फिरल्या आणि बाकीच्या गंज्या वाचल्या. आमचा बा त्या वेळी भरलेली घागर कडेवर घेऊन, वारा कुठून येतोय ते बघत उभा होता. चुलत्यानं ती घागर हिसकून घेतली. पुढं कित्येक वर्षं दोघं भाऊ ही गोष्ट सांगून हसत.

पण वर्षातून एकदा, शिमग्याच्या पुनवेला, गाव माझ्या बापाचं ऐके.

आमच्याकडे होळीला रानातून सावरीचं सरळसोट झाड आणतात आणि देवळासमोरच्या खड्ड्यात उभं करतात. वीस-पंचवीस माणसांचं काम ते. काही जण दोर ओढतात. काही जण कैच्या धरतात. कैची म्हणजे दोन बांबू टोकाशी बांधून केलेला टेकू. झाड थोडं वर आलं की कैच्या पुढं सरकवायच्या, पुन्हा ओढायचं. सगळ्यांनी एकदम ओढलं तर झाड फुलासारखं उठतं, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर येतं. म्हणून एकानं हाक द्यायची, "घ्या रंऽऽ वर!" ती हाक बाची. झाड उभं राहिलं की देवळातला पहिला नारळ हाक देणाऱ्याच्या हातात पडे. तो घेऊन बा घरी यायचा, तेव्हा आईसुद्धा उठून उभी राहायची.

त्या वर्षी माघात बाचा घसा बसला. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, कर्जतच्या डॉक्टरचं लाल औषध झालं. खोकला गेला, आवाज मात्र परत आला नाही. बोलला की भात्यातून निघावा तसा नुसता वारा निघे. गावकीनं ठरवलं, यंदा हाक धाकट्यानं द्यावी. चुलता स्वतः सांगायला आला आणि एवढ्या मोठ्या गळ्याचा माणूस अंगणात नुसता चुळबुळत उभा राहिला. बानं मान हलवली. माळ्यावरून होळीचा दोर काढला, मांडीवर घेऊन हातभर हातभर तपासला आणि चुलत्याच्या पडवीत नेऊन ठेवला. संध्याकाळी भूक नाही म्हणाला.

आईनं भाकरी झाकून ठेवली. जन्मभर नवऱ्याचं एक न ऐकलेली ती बाई, पण वर्षाकाठी एकदा त्याचं ऐकलं जायचं तेही गेलं, हे तिला सोसेना. मला म्हणाली,

"तुजा घसा काय लोनच्यात घालायचाय? तू दे हाक. मागं बा उबा ऱ्हाईल."

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. मिशीला वळण बसत होतं. मला वाटलं, आईनं आपली लायकी ओळखली. लगेच खळ्यावर जाऊन सराव केला. पहिल्याच हाकेला बसलेले बैल उठले आणि रेडकाला कुणी मारलं ते बघायला बायको बाहेर आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती पदरात हसत म्हणाली,

"म्हंजी कर्जतला घाट चढाया गाडीला मागनं इंजान लावत्यात, तसं हाय. शिट्टी तुमी मारा. ढकलतील मामंजी."

आई चुलत्याकडे गेली. काय बोलली कुणास ठाऊक. तो एवढंच म्हणाला, की पोराला देऊ दे हाक, पण झाड कललं तर मी गप्प बसणार नाही. यात त्याची काही चूक नव्हती. त्याचे दोन मुलगे कैचीवर होते.

पुनवेला उन्हं कलली आणि आम्ही उभे राहिलो. मी पुढं, छाती काढून. बा माझ्या मागं, त्याचा पंजा माझ्या पाठीवर. पंजा दाबला की हाक द्यायची, हे आमचं ठरलेलं. पहिल्या दोन-तीन ओढी सुरेख झाल्या. मला वाटलं, यात काय एवढं? मी मिशीवरून हातही फिरवला असावा.

झाड अर्ध्यावर आलं. कैच्या सरकवून झाल्या, आता पुढची ओढ. पाठीवरचा हात हलेना. मी थांबलो. माणसं घामानं निथळत होती, दोर करकरत होते, हात हलेना. कुणीतरी म्हणालं, "मुका झाला का रं ह्यो?" चुलत्याला राहवेना. तो गरजला,

"वडा रंऽ!"

निम्म्यांनी ओढलं, निम्मे बघत राहिले. झाड डावीकडे झुकलं. त्या बाजूच्या कैचीवर चुलत्याचा थोरला होता आणि त्याचे पाय शेणात घसरत होते.

पाठीवरचा हात गेला. बा माझ्या पुढं आला होता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि नुसता उभा राहिला. ओरडायला गळाच नव्हता, पण तेवढ्यानं सगळे गप्प झाले. चुलतासुद्धा. बा झाडाकडे बघतच नव्हता. मी त्याच्या नजरेमागं गेलो तेव्हा कळलं, तो पाय बघत होता. एकेकाचे पाय. पुतण्यानं घसरता पाय काढून कोरड्या मातीत रोवला. शेवटच्या दोराला आमच्या गावचा म्हातारा गुरव होता, त्याला धाप लागली होती. बा त्याच्यासाठीही थांबला. गुरवानं तळहातावर थुंकी घेतली, दोर पुन्हा धरला आणि बाच्याकडे बघितलं. मग कुठं बा मागं आला आणि माझ्या पाठीवर हात दाबला.

मी हाक दिली. ती नेमकी त्याच वेळी फाटली. रेडकू परवडलं, असा आवाज निघाला. सगळा गाव हसला, हसता हसताच सगळ्यांनी ओढलं, आणि झाड सरळ खड्ड्यात बसलं.

गुरवानं नारळ आणला. हाक मी दिली होती, तेव्हा मी दोन्ही हात पुढं केले. चुलत्यानं माझ्या हातांवरूनच तो नारळ उचलला, भावाजवळ गेला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

"दादा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या दिवशी बाच्या आवाजाएवढाच निघाला, "तुजा नारळ."

बानं तो तिथंच दगडावर फोडला. एक कवड पुतण्याला दिली. दुसरी माझ्या अजूनही पसरलेल्या हातात ठेवली आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाला,

"घसा ओला कर."

घरी तो रिकाम्या हातानं आला. तरी आई उठून उभी राहिली. तिनं भाकरी वाढली, आणि वालाची आमटी वाढू का माठाची भाजी, असं विचारलं. बा गुरांना पाणी दाखवायला निघाला होता. दारात थांबून म्हणाला, "वाल."

आईनं वाल वाढले.