खालच्या बर्थवरची दस्ती

गेवराईच्या स्टँडवर गाडी पुरती उभी राहायच्या आतच भरलेली असते. माणसं अजून खालीच असतात, पण आत सीटांवर दस्त्या पडलेल्या असतात. दस्ती म्हणजे रुमाल. खिडकीतून दस्ती टाकली की जागा तुमची. मग तुम्ही सावकाश मागून चढा, हवं तर चहा पिऊन चढा. आमच्या भागात बांधावरून डोकी फुटतील, पण दुसऱ्याची दस्ती उचलून त्या जागेवर कुणी बसणार नाही. आमचे आबा, म्हणजे वडील, या कामात भलतेच तयार. तलवाड्याची गाडी वळण घेत असतानाच ते तिच्यासोबत पळायचे आणि नेमकी दाराजवळची खिडकी गाठायचे. ती जागा आईची असायची. स्वतः ते उभे.

माझी थोरली बहीण लग्नानंतर परदेशात गेली, इतकी लांब की आपल्याकडे उजाडतं तेव्हा त्यांच्याकडे दिवे लागतात. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या वेळी तिच्याजवळ आमच्यातलं कुणीच नव्हतं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती बाळाबद्दल एक शब्द बोलायची नाही; फोनवर हवापाण्याच्या गप्पा. मग एक दिवस एकदम म्हणाली, "आईला घेऊन ये. आई जवळ असली तर मला धीर राहील."

आई त्याच दिवशी पिशवी भरायला लागली. अडचण तिच्या पायाची होती. आदल्या वर्षी तिच्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली होती. बीडच्या डॉक्टरांनी प्रवासाचा पल्ला ऐकला आणि पेन खाली ठेवलं. इतका वेळ पाय खाली सोडून बसायचं असेल तर मी हो म्हणणार नाही, म्हणाले. पुन्हा गाठ झाली आणि सुटून छातीत गेली, तर विमानात तुम्ही काय करणार? मी घरी येऊन चिडले. कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून सगळ्यांवर चिडले. आई म्हणाली, "पाय माझा हाय, तू कावून वरडायलीस?"

शेवटी दाजींनी एक विमान कंपनी शोधून काढली. विमानात आडवं होणं हे पैसेवाल्यांचं काम, असंच मी समजत होते. पण या कंपनीनं साध्या तिकिटवाल्यांसाठीही बर्थ केले होते. रेल्वेतल्यासारखे एकावर एक तीन, गादी, उशी, पडदा. मात्र सगळा प्रवासभर नाही. चार तासांची पाळी, मग चादरी बदलून पुढच्या माणसाला. आई पाळी म्हणेना, बारी म्हणे. विहिरीवरच्या पाण्याची बारी तिनं जन्मभर केली होती, त्यामुळे हा सगळा प्रकार तिला एका झटक्यात समजला. मी शाळेत शिकवते, मला तो दाजींनी दोनदा समजावला. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले, निघायच्या आधी घ्यायचं इंजेक्शन दिलं, तासातासाला चालायला सांगितलं. आणि मधे ते चार तास आडवं व्हायचंच, त्याशिवाय जायचं नाही, असं बजावलं.

पण खालचे बर्थ आधीच गेले होते. आईला सगळ्यात वरचा मिळाला. त्यात नियम असा, की ज्याला स्वतःचं स्वतः चढता-उतरता येत नाही त्याला बर्थ द्यायचा नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, विमानात खालच्या प्रवाशाला विनंती करून पाहा, तो कबूल झाला तर आमची हरकत नाही.

"चढल की मी," आई म्हणाली. आबांनी कडब्याच्या गंजीला शिडी लावली आणि रोज संध्याकाळी आईचा सराव सुरू झाला. पहिल्या दोन पायऱ्या ती तोऱ्यात चढायची. तिसरीवर डावा पाय थरथरायला लागायचा. ती तिथंच शिडी कवटाळून थांबायची, कडब्यात काहीतरी बघितल्यासारखं करायची आणि खाली उतरायची. आबा शिडी धरून उभे असत.

आम्ही निघालो त्या दिवशी आबा फाट्यापर्यंत आले. मेंढरं कुणावर टाकायची, म्हणून पुढे येता येत नव्हतं. गाडीत बसताना त्यांनी खांद्यावरची निळ्या चौकडीची दस्ती काढून आईच्या हातात दिली. "वर चढू नको. खालचीच धर. इमान असू न्हाई तर बैलगाडी, जागा रिकामी दिसली की दस्ती टाकायची. लाजायचं न्हाई," म्हणाले. आणि वर म्हणाले, "तिथं पळायला मी न्हाई." आम्ही दोघी हसलो.

मधल्या एका शहरात विमान बदललं आणि खरा लांबचा पल्ला सुरू झाला. सकाळीच उडालो होतो, पण थोड्या वेळानं खिडक्या झाकून आत अंधार केला. आईची बारी दुसरी होती. तोवर मी दर तासाला तिला उठवून चालवत होते आणि बसलं की वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबून बघत होते. अंगठा काढल्यावर मोज्याखाली खळगा राहतो का, राहिला तर किती वेळानं भरतो, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. पहिल्यांदा खळगा लगेच भरला. नंतर जरा रेंगाळला. पुढच्या वेळी मी दाबला तेव्हा तो तसाच राहिला.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हणलं ना बाई एकदा." पण ती पाय हलवताना ओठ आवळत होती.

मी उठून विमानातल्या मुलीला गाठलं. हसतमुख, नम्र, आणि कशालाच हो न म्हणणारी. खालचा बर्थ कुणाचा आहे ते तिला सांगता येत नव्हतं. वेळ झाली की तो प्रवासी येईल, तेव्हा तुम्ही विचारा. तो नाही म्हणाला तर? तर तुमच्या आईंना वर चढता यायला हवं. मी विचारलं, आणि नाही चढता आलं तर? ती हसली आणि म्हणाली, मग त्यांना सीटवरच बसावं लागेल. तिच्या त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी आभार न मानता परत फिरले.

जागेवर आले तर आई नाही. तेवढ्यात ती पलीकडच्या बोळातून येताना दिसली, एका हातानं सीटांचे माथे धरत, चेहरा खुललेला. पहिली बारी संपून चादरी बदलून झाल्या होत्या.

"जागा धरून आले बघ. खालची."

"धरून म्हणजे?"

"दस्ती टाकली. आता निवांत जाऊ."

मी कपाळावर हात मारला. "आई, ही काय गेवराईची गाडी हाय? इथं नंबर असतात! लोकांनी पैसे भरलेत. आता तो माणूस आधीच चिडलेला येईल, त्याच्याकडे काय तोंडानं मागू?" घरातली भाषा इतक्या जोरात निघाली की पुढच्या दोघांनी मागं वळून बघितलं. आई शांतपणे म्हणाली, "दस्ती दिसल्यावर कोण चिडंल?"

ती दस्ती कुणी बघायच्या आत उचलून आणावी म्हणून मी उठले आणि विमान हादरलं. पट्ट्याचा दिवा लागला. बसा, बसा, असं बजावलं गेलं. मी बसले. विमान खडीच्या रस्त्यावरून गेल्यासारखं खडखडत होतं आणि आईची बारी सुरू होऊन गेली होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: कुणीतरी धिप्पाड माणूस दोन बोटांनी आबांची दस्ती उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो आहे, पडदा ओढून घेतो आहे, आणि आई पुढचा सगळा प्रवास पाय लोंबकळत ठेवून बसते आहे. ताईला मी काय सांगणार होते?

दिवा विझला तसं आईला धरून निघाले. बर्थांपाशी पडदे ओढलेले होते. उघडे होते ते दोनच, सगळ्यात वरचा आईचा आणि सगळ्यात खालचा. खालच्यावर चादर जशीच्या तशी, उशी न दबलेली, आणि बरोबर मधोमध निळ्या चौकडीची दस्ती. बाजूला एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पांढरी दाढी, अंगात स्वेटर, एका हातानं भिंतीचा आधार घेतलेला. ती हसतमुख मुलगी त्यांच्यापाशी उभी राहून इंग्रजीत समजावत होती, की हा बर्थ तुमचाच आहे, हे फडकं मी काढते, तुम्ही झोपा. ते नाही म्हणून मान हलवत होते.

आम्हाला पाहून त्यांनी विचारलं, "ये दस्ती किसकी है जी?"

दस्ती. विमानात, समुद्रावर कुठंतरी, परक्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून मी गोंधळलेच. आई मुळीच गोंधळली नाही. "मेरी हाय, भाऊ."

"मैं वोइच बोल रहा इनको. दस्ती डली है, तो कोई आ रहे. दूसरे की दस्ती हटा के कैसा सोते?" गृहस्थ हैदराबादचे होते, लेकाकडे निघालेले. त्यांच्या तिकडेही गाडीत अशीच जागा धरतात. खडखडाटात त्या मुलीनं त्यांना जवळच्या रिकाम्या सीटवर बसवलं होतं. दिवा विझल्याबरोबर ते पुन्हा इथं येऊन उभे राहिले होते.

मी आईच्या पायाचं सांगायला लागले. पाठ केलेलं सगळं एकात एक मिसळलं, डॉक्टर, गाठ, ताई. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "इतना क्या सुनाते बेटा. जगह उनकी है." मग शिडीकडे वळले. ती मुलगी लक्ष ठेवून उभी होती. त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता हे मला पहिल्याच पायरीला दिसलं. दात आवळून, हातांच्या जोरावर ते सगळ्यात वर चढले आणि पडदा ओढला. थांबा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मला फक्त आईचा पाय दिसत होता.

आई आडवी झाली. तिच्या पायांखाली दोन उशा सरकवल्या, पट्टा लावला. आत एकालाच परवानगी, म्हणून पडदा लावून परत आले आणि जागेवर बसून राहिले. सिनेमा लावला, बंद केला. दोनदा जाऊन पडद्याबाहेर उभी राहिले. आतून काहीच आवाज नव्हता.

बारी संपली तसे मंद दिवे लागले. एकेक पडदा सरकला, माणसं केस सारखे करत बाहेर आली. खालचा पडदा हलला नाही. मी "आई" म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग पडदा बाजूला केला.

ती उताणी पडली होती, तोंड किंचित उघडं, हात दोन्हीकडे सुटलेले. आईला झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलेलंच नव्हतं. रानात मेंढरं कोंडलेल्या वाडग्याशेजारी ती एका कुशीवर, एक कान तिकडे ठेवून पडायची. पाचोळा वाजला तरी उठून बसायची. आमच्या आधी उठलेली आणि आमच्यानंतर टेकलेली, एवढीच आई मला माहीत. हाक मारूनही न हलणारी ही बाई कोण, तेच मला कळेना. गाठ छातीत गेली, असं मनात आलं. छातीकडे बघायचा धीर झाला नाही. मी वेड्यागत तिच्या नडगीवर अंगठा दाबला.

खळगा पडला आणि लगेच भरून आला.

"मेंढरं सुटली का?" आई दचकून उठत म्हणाली.

मी तिथंच खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. वरून शिडीवर पाऊल वाजलं. ते गृहस्थ एकेक पायरी घेत, आधी ताठ पाय आणि मग चांगला पाय असं करत उतरत होते. आईनं त्यांचा गुडघा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "भाऊ, तुमीच खाली झोपायचं व्हतं की."

"नीन हुई ना?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "लई." ते हसले आणि लंगडत आपल्या जागेकडे गेले. विमानतळावर मी त्यांना खूप शोधलं, पण ते दिसले नाहीत.

आई चाकाच्या खुर्चीत बसली नाही. ताई समोर उभी होती, पोट सांभाळत, आणि आई तिच्यापर्यंत चालत गेली.

ताईच्या घरात एका लहान खोलीचं दार लोटलेलं होतं. दाजींनी हौसेनं बाळाचा लाकडी पलंग आणून तिथं जोडला होता, चारी बाजूंनी कठड्याचा. तेव्हापासून ताई त्या खोलीत पाय टाकत नव्हती, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. आईनं सरळ दार ढकललं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळणा आणत नाहीत, रिकामा पाळणा घरात ठेवत नाहीत. तिनं कठडा धरून हलवून बघितला. ताई मागं दारात आली होती, पण उंबरा ओलांडत नव्हती.

आईनं कमरेला खोचलेली दस्ती काढली, झटकली आणि पलंगात टाकली.

"धरली बघ जागा," ती ताईला म्हणाली. "आता कोण दुसरं येतंय तिथं? ज्याची हाय ते येईल सावकाश."

ताई हसली, मग दारातच बसून रडली, मग आत आली. त्या दिवसापासून खोलीचं दार उघडं राहिलं. फोनवर आबांनी विचारलं, "माझी दस्ती हाय का हारवली?" आईनं फोन पलंगाकडे फिरवून दाखवला. त्यांच्यामागे मेंढरांचा आवाज तेवढा येत राहिला.

मुलगी झाली. दवाखान्यातून आणली तेव्हा ताई तिला घेऊन पलंगापाशी उभी राहिली आणि आईकडे बघत थांबली. आईनं आधी दस्ती उचलली.

"ये माय," ती म्हणाली. "तुझीच जागा हाय."