पंचवीस मीटर

मामाच्या लायसन्सचे फॉर्म मी भरायचो. तो सातवीपर्यंत शिकलेला आणि मी घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे रेशनकार्डापासून लाइटबिलाच्या तक्रारीपर्यंत सगळं लिखाण माझ्याकडे असायचं. लायसन्सच्या फॉर्ममध्ये तब्येतीचे काही प्रश्न असतात. फिट येते का, चक्कर येते का, चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. मी न विचारताच उत्तरं लिहायचो. नाही, नाही, होय. मामा समोर बसून चहा प्यायचा आणि मी बोट ठेवीन तिथे सही करायचा.

बारावीनंतर मी लांज्याजवळच्या आमच्या गावातून नवघरला त्याच्याकडे आलो. एक खोली आणि पोटमाळा. त्याला मूलबाळ नव्हतं. तेव्हा तो काळीपिवळी टॅक्सी चालवायचा. त्याआधी ट्रक, त्याही आधी गोवा रोडवर क्लीनर. आयुष्यात त्याने दुसरं काही केलं नव्हतं आणि दुसरं काही करावं असं त्याला वाटलंही नव्हतं. पहाटे टॅक्सी काढायच्या आधी तो मला उठवायचा, माझ्यासमोर पुस्तक ठेवायचा आणि मगच जायचा. पदवी मिळाली त्या दिवशी मी सवयीने टॅक्सीत पुढे बसायला गेलो, तर म्हणाला, "मागे बस. आज पॅसेंजर आहेस." सगळ्या रस्त्यात त्याने एकदाही मागे वळून गप्पा मारल्या नाहीत. पॅसेंजरशी बोलतात तसं फक्त विचारलं, "काच खाली करू का?"

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये कर्जाने का होईना, फ्लॅट झाला. अर्ज नीट लिहितो म्हणून सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. टॅक्सी मोडीत गेल्यावर मामाने स्कूल व्हॅन घेतली होती. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधली अकरा मुलं माझ्याच शब्दावर त्याच्याकडे आली. नऊ वर्षं तो रोज दोन वेळा आमच्या गेटवर उभा असायचा.

त्याचे डोळे जात चालल्याचं मला मामीकडून कळलं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी टिकवायची. मी भेटायला गेलो तेव्हा मामा नुसत्या बनियनवर शेंगा सोलत बसला होता.

"एप्रिलपर्यंत चालवतो," तो म्हणाला. "शाळा संपली की सोडतो. मधेच सोडली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला काढला. कोणाला बोलू नकोस."

"पण मामा, लहान मुलं आहेत."

"आजवर कधी कोणाला ओरखडा तरी आलाय का?"

नव्हता आला. मी म्हटलं, बरं. तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

नोव्हेंबरात व्हॅन आमच्याच गेटच्या खांबाला घासली. कोणाला लागलं नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी मीटिंग झाली. त्या म्हणाल्या, "अंकल को दिखता नहीं है. परसों मेरी बेटी सामने खड़ी थी और वो उसी को बुलाने के लिए हॉर्न बजा रहे थे." खोटं नव्हतं ते.

चेअरमन गुजराती, कापडाचे व्यापारी, एरवी गोड माणूस. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अब सेक्रेटरीसाहेब के मामा को कौन निकालेगा? आप ही बोलो." सगळे हसले.

मला ते लागलं. त्याच वेळी मी सांगायला हवं होतं की हो, त्याला कमी दिसतं, मी घरी बोलतो, सोमवारपासून दुसरी व्हॅन बघा. विषय पाच मिनिटांत मिटला असता. मामा चिडला असता, पण घरातल्या घरात. मी मात्र उभा राहिलो आणि म्हणालो की नात्याचा प्रश्नच नाही, नियमाने जाऊ. फॉर्ममध्ये पंचवीस मीटरचा नियम आहे. उद्या सकाळी कंपाउंडमध्ये सगळ्यांसमोर बघून घेऊ.

"ये हुई ना पढ़े-लिखे की बात," चेअरमन म्हणाले. ऐकायला बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

घरी येऊन मामाला फोन केला. "उद्या दहाला ये. सोसायटीवाल्यांना तुझी नजर बघायचीय. लांबून नंबर वाचायचेत."

"कुठल्या गाड्यांचे?"

"आमच्याच पार्किंगमधल्या."

"मग येतो," तो म्हणाला, आणि हसला. मी त्याच्यासाठी सोय केली आहे असं त्याला वाटलं. फोनवर बोलताना माझ्याही मनात तसंच काही होतं का, हे मला आज नक्की सांगता येत नाही. होतं, असं मानायला मला आवडेल.

रविवारी तो खाकी शर्टाला इस्त्री करून आला. वॉचमनने टेपने अंतर मोजलं आणि चुन्याने रेघ मारली. वीसेक माणसं जमली होती, काहींच्या हातात चहाचे कप होते, मुलं जिन्यावर बसली होती. मुलांनी "मामा, मामा" म्हणून हात हलवले. मामाने आवाजाच्या दिशेने हात केला.

"पहिली लाल," मी म्हणालो.

"झिरो फोर, सत्तावीस नव्वद."

बरोबर. कोपऱ्यातली निळी, बरोबर. तिच्या शेजारची चॉकलेटी, तीही बरोबर. लोक एकमेकांकडे बघू लागले. मामाला चेव आला. "चॉकलेटीच्या मागच्या चाकात नेहमीसारखी हवा कमी हाय, तेवढी भरून घ्या," असं म्हणाला आणि लोक हसले, तसा तो माझ्याकडे बघून किंचित डोळा मिचकावून हसला. नऊ वर्षं रोज गेटवर उभं राहून त्याला प्रत्येक गाडी पाठ होती. पण मला वाटतं, तो त्या घडीला फसवत नव्हता. पांढरट धुक्यात लाल रंग दिसला की त्याला त्यावरचे आकडेही खरोखर दिसत असावेत.

तेवढ्यात मागून दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "भांजे ने रात को रटवाया होगा."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या.

चेअरमनची पांढरी गाडी लिफ्टजवळ उभी होती. त्यांनी दसऱ्याला जुनी विकून नवी घेतली होती. जुनी लाभली होती म्हणून त्यांच्या बायकोने तोच मेक आणि तोच रंग घ्यायला लावला होता. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नवा नंबर मीच लिहिला होता. मामा गाडी आत आणत नसे, त्याला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी म्हणालो, "आता तुम्ही ती पांढरी वाचा."

मी त्याला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याने चमकून माझ्याकडे तोंड वळवलं. मग पांढऱ्या गाडीकडे बघून, आधीच्या तिन्हींपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाला, "झिरो फोर, पंचावन्न अकरा."

मग चेअरमन अगदी हळू, समजावल्यासारखे म्हणाले, "अंकल, वो गाड़ी तो मैंने बेच दी."

जिन्यावरचा एक मुलगा फिसकन हसला. मग बाकीची हसली. त्याच्याच व्हॅनमधली मुलं ती. एक जण उतरून त्याच्यासमोर आला आणि बोटं नाचवत विचारू लागला, "मामा, किती? मामा, हे किती?" मामाने पहिल्यांदा उत्तर दिलं. "तीन." दोन होती. त्याने दुसऱ्यांदाही उत्तर दिलं. मुलाची आई त्याला ओढून नेईपर्यंत तो उत्तरं देत राहिला. मला वाटतं, परीक्षा अजून चालू आहे असं तो समजत होता. ती संपली हे सांगणं माझं काम होतं. मी तेव्हा मिनिट बुकमध्ये लिहीत होतो.

त्याने स्वतः व्हॅन चालवत घरी जाऊ नये, असं चेअरमननी सांगितलं. बरोबरच होतं ते. मी चावी मागितली. गाडी मला मामानेच शिकवली होती, रविवारी सकाळी उत्तनच्या रस्त्यावर. तो माझ्या शेजारी बसला. नवघरपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं.

"त्याने गाडी बदलली ते तुला ठाऊक होतं?"

"हो."

"दुसरी कुठली तरी विचारायचीस. रस्त्यावरची. मी म्हटलं असतं, नाय दिसत."

मी म्हणालो, "मामा, मुलांच्या जिवाचा प्रश्न होता."

"तो होताच," तो म्हणाला.

महिनाभरात व्हॅन विकली. सोसायटीने नवा व्हॅनवाला शोधला. त्याची नजर उत्तम आहे आणि तो मोबाईलवर बोलत एका हाताने गाडी चालवतो. त्याच्याविषयी अजून मीटिंग झालेली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या की म्हणतात, सर, आपने उस दिन बहुत अच्छा किया. मी थँक्यू म्हणतो.

दर रविवारी मी नवघरला जातो. मामीसाठी भाजी नेतो, मामाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालतो. तो घालू देतो. दुधवाला आला, शेजारीण आली, गॅसवाला आला, तर मामा पावलं ऐकूनच त्यांना हाक मारतो. कोण आलंय हे मामीने सांगावं लागत नाही. मी दारात उभा राहिलो की मात्र तो मान वर करून विचारतो, "कोण?"

"मामा, मी."

"मी म्हणजे कोण?"

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मामीकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत आत निघून गेली. आता मी वाद घालत नाही. उंबऱ्याबाहेर चपला काढतो आणि माझं पूर्ण नाव सांगतो, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, फॉर्ममध्ये लिहितात तसं. तो ते शेवटपर्यंत ऐकून घेतो, आणि मग म्हणतो, "या. बसा."