ताडपत्रीचं तळं

आमच्या शाळेचा पोहण्याचा तलाव ताडपत्रीचा होता. असं सांगितलं की पाहुणे आधी हसायचे आणि मग काठावर वाकून बोटानं दाबून बघायचे. खरं तर ती ताडपत्री नव्हे, जाड निळं व्हिनाइल. वर फरशीची नक्षी छापलेली, त्यामुळे लांबून टाइल्स बसवल्यासारखं दिसे. बाजूला पत्र्याच्या भिंती, तळाला दाबून बसवलेली वाळू आणि त्या सगळ्यावर अंथरलेला हा एकसंध कागद. वारणेच्या पट्ट्यात शेततळ्यांना असाच कागद घालतात, म्हणून गावानं पहिल्याच दिवशी 'ताडपत्रीचं तळं' असं नाव ठेवलं. पाटीवरचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी कधी घेतलं नाही.

दोन हजार तेरा साली पुण्याच्या कंपनीचा माणूस तलावाची निगा शिकवायला तीन दिवस येऊन राहिला. संस्थेनं त्याच्यासमोर गुंडू शिपायाला उभं केलं. गुंडूला पाण्याची इतकी धास्ती की अंघोळसुद्धा तो तांब्याशी तह करून करत असावा. गुडघाभर पाण्यात उतरला आणि कठडा धरून जो उभा राहिला, तो हलेचना. तेवढ्यात वसतिगृहाचे संडास धुऊन परतणारी बायडाबाई खोत बादली खाली ठेवून बघत थांबली.

"काय करायचं हाय?" तिनं विचारलं.

कंपनीचा माणूस म्हणाला, तळाशी जाऊन कागदाला ठिगळ लावायचं.

"मग मी उतरतो की. त्या गरिबाला कशाला बुडवतासा?"

आणि लुगड्याचा काष्टा मारून तिनं आठ फुटांच्या बाजूला सूर मारला. मी शिट्टी गळ्यात अडकवून तिथंच उभा होतो. क्रीडाशिक्षक म्हणून माझी तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण इतका निवांत धरलेला श्वास मी पाहिला नव्हता. तिचा बाप विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढून द्यायचा. त्याची कंबर गेल्यावर तेराव्या वर्षापासून हीच बुडी मारायची, फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला पाला हातानं उपसायची. हे आम्हाला तिच्या नऊ वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं, कारण संडास धुणाऱ्या बाईला काय काय येतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

ठिगळ लावायची रीत अशी. तुकडा गोल कापायचा, कोपरा ठेवला की तो सुटतो. त्याला गोंद फासायचा, घडी घालून खाली न्यायचा, भोकावर उलगडायचा आणि मधून बाहेर दाबत दाबत पाणी काढून टाकायचं. कंपनीच्या माणसानं हे अर्धा तास समजावलं. बायडाबाई वर आली, तोंडावरचं पाणी निपटून म्हणाली, "भाकरी थापायची म्हणा की सरळ." तिचं पहिलंच ठिगळ त्याच्यापेक्षा सरस बसलं.

त्या दिवसापासून तलाव तिचा आणि संडास दुसऱ्या कुणाचे. तिनं सगळ्या स्टाफला पदरचा चहा पाजला. नवरा तरुणपणीच गेलेला, एकुलती स्वप्नाली चंदगडला दिलेली; चहा पाजावा असं तिच्या आयुष्यात वारंवार काही घडत नव्हतं. क्लोरीन किती, कधी, हे ती पाण्याचा वास घेऊन सांगायची आणि मग बाटलीत थेंब टाकून आपणच बरोबर असल्याची खात्री करून घ्यायची. वसतिगृहातली पोरं डोक्याला वाटीभर तेल थापून यायची आणि पाण्याच्या रेघेवर तेलाचा चिकट पट्टा बसायचा. तो रोज घासताना ती पोरांच्या आयांचा असा उद्धार करायची की पोरं पळतच नळाखाली जायची. पहिल्याच उन्हाळ्यात सुपरवायझरला हुक्की आली, विहीर उपसतात तसा तलाव रिकामा करून स्वच्छ करू. हा कागद पाण्यावाचून उन्हात पडला की आकसतो, फाटतो. बाई जाऊन व्हॉल्व्हवर बसली. "मला उचला, मग उपसा," म्हणाली. कुणाची छाती झाली नाही.

अशी दहा वर्षं गेली. कागदाचं आयुष्यही दहा-बारा वर्षांचंच. ऊन आणि क्लोरीन खाऊन तो कडक झाला, निळा होता तो राखाडी झाला. एक्केचाळीस ठिगळं झाली होती; बाईला प्रत्येकाची जागा पाठ. नवा कागद मागितला तेव्हा आमचे सचिव विजयसिंह काठावर उभं राहूनच म्हणाले, "आता खर्च न्हाई. चालतंय तवर चालवा. गळायला लागलं की मुरूम टाकून मोकळं व्हायचं. टर्फ करू, क्रिकेटचं." बाई दोन हातांच्या अंतरावर जाळीतला पाला काढत होती. तिनं मान वर केली नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "बायडाबाई, तलाव बंद झाला तर?"

"तर काय? परत हाईच की वसतिगृह." मग हातातला पाला बादलीत टाकून म्हणाली, "सर, खोटं न्हाई सांगत. मला तिकडं जायचं न्हाई. मेलो तरी चालंल."

पुढच्या दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं. उन्हानं उडतंय की गळतंय, हे बघायची सोपी युक्ती आहे: पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवायची आणि आतल्या-बाहेरच्या पाण्यावर खूण करायची. बादलीतलं पाणी तसंच राहिलं आणि तलावातलं रोज दोन बोटं खाली गेलं. बाईनं माझ्याकडून पेपर तपासायच्या लाल शाईची बाटली नेली. पाण्याखाली जाऊन ठिगळाठिगळाजवळ एकेक थेंब सोडायची आणि शाई कुठं ओढली जाते ते बघायची. तीन भोकं सापडली, तिन्ही बुजवली. चौथी गळती तळाच्या जाळीखालच्या रबरी वायसरची निघाली. तो वायसर बदलायचा तर तलाव रिकामा करायला हवा आणि रिकामा केला तर हा जुना कागद पुन्हा उभा राहणार नाही. म्हणजे उपाय नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे साडेपाचला येऊन बोअरची नळी तलावात सोडायला लागली. सहा वाजता मी पोरींना घेऊन येईपर्यंत पाणी रेघेला लागलेलं असे आणि नळी गुंडाळून ठेवलेली.

नळी ओली असायची. हे मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं. आणि आता जे लिहितो ते लिहिताना मला माझीच लाज वाटते. कंपनीनं दिलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या कपाटात होतं आणि मी ते वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: पाणी उतरत असेल तर वरून भरत राहू नका, गळणाऱ्या पाण्याबरोबर कागदाखालची वाळू वाहून जाते. पण माझी विद्यार्थिनी राजनंदिनी तेव्हा राज्य स्पर्धेच्या निवडीला उभी होती. सतरा वर्षांची पोरगी, बटरफ्लायमध्ये मासळीच. तिला रोज दोन तास पाणी हवं होतं आणि मला, बावीस वर्षांच्या नोकरीत, एकदा तरी आपलं नाव पेपरात हवं होतं. मी म्हटलं, चाललंय तर चालू द्यावं. मी चांगला माणूस आहे अशी तोवर माझी समजूत होती.

सहा महिने असेच गेले. उतारावरच्या बागेत भर मे महिन्यात हिरवळ माजली आणि सगळ्यांनी माळ्याचं कौतुक केलं. बागेखालच्या ओढ्याच्या तोंडाशी बारीक, धुतल्यासारखी वाळू साचायला लागली. माळी ती पाटीनं भरून रोपांच्या पिशव्यांत घालायचा. राजनंदिनीची निवड पाऊण सेकंदानं हुकली. बाई मात्र रोज साडेपाचला हजर. तिचा श्वासही आता पूर्वीचा राहिला नव्हता. क्लोरीननं छाती भरून यायची, दोन बुड्यांमध्ये ती काठाला धरून बराच वेळ खोकायची. मी म्हणायचो, जरा बसा. ती म्हणायची, "बसून कसं भागंल? पाणी बसतंय का?"

जून महिन्यात, आंतरशालेय स्पर्धेला आठवडा असताना, ती जाळीकडं बघायला खाली गेली आणि लगेच वर आली. इतकी लगेच ती कधीच येत नसे. काठावर चढून बसली, पाय पाण्याबाहेर घेतले.

"सर, खाली काय न्हाई," ती म्हणाली.

"काय नाही म्हणजे?"

"पाय ठेवला तर मांडीपातूर गेला. कागद हाय, पर त्येच्या खाली जमीनच न्हाई. खेकड्यानं बांध पोखरल्यागत झालंय." मग ती माझ्याकडं वळली. "मी पाणी सोडत हुतो, त्येनंच व्हय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुस्तकात तसं लिहिलंच होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी घाईनं म्हणालो, स्पर्धा उरकून घेऊ, खोल बाजूला पोरं तळाला पाय लावतच नाहीत, आठ दिवसांनी काय असा फरक पडणार आहे. ती पुन्हा पाण्यात उतरली. उथळ बाजूनं, जिथं पाचवीची पोरं उभी राहतात तिथून, एकेक पाऊल दाबत गेली. मधल्या पट्ट्यात पुन्हा तिचा पाय खचला. कागद जरा ताणला गेला, फाटला नाही.

"कुणाचं तरी प्वार अडकंल," ती म्हणाली. ओल्या अंगानंच ऑफिसात गेली आणि सचिवांना सांगून आली, "तळं बंद करा. खाली पोकळ झालंय." कशामुळं, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

विजयसिंहांना हेच हवं होतं. दोन दिवसांत कुलूप लागलं, आठवड्यात टिपर आले. मुरूम पडताना कागद फाटल्याचा आवाज झाला तेव्हा बाई वसतिगृहाच्या पायरीवर पाठ करून बसली होती. संस्थेच्या वर्धापनदिनी तिचा सत्कार ठरला: मोठी दुर्घटना टाळणारी दक्ष कर्मचारी. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं मराठी बरं आहे. मी लिहिलं आणि मीच वाचलं. 'आपल्या डोळस सेवेमुळे' असे शब्द आले तेव्हा टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ घेऊन ती खाली उतरली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या पुस्तकात काय लिवलंय ते मला आदी का सांगितलं न्हाईसा?"

मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "मला म्हाईत असंल, असंच वाटलं असणार."

ती चिडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिच्याजवळ शिव्यांची काही वाण नव्हती. पण ती समोरचं भाषण ऐकत बसली आणि पसायदान झाल्यावर उठून गेली.

सोमवारपासून बायडाबाई वसतिगृहात रुजू झाली. तलावाच्या जागी हिरवी प्लास्टिकची चटई पसरली आहे आणि संध्याकाळी दिवे लावून पोरं तिच्यावर खेळतात. माझी जायची-यायची वाट वसतिगृहाच्या बोळातूनच आहे. ती बादली आणि खराटा घेऊन समोरून येते, मला बघितलं की खाली मान घालून, पदर सावरून भिंतीला लागून उभी राहते आणि मी पुढं जाईपर्यंत थांबते. तलावावरच्या अकरा वर्षांत ती माझ्यासाठी कधी बाजूला झाली नव्हती.