बरगडीखालची सुई

तेव्हा मी उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर नर्सिंग असिस्टंट होतो. हुद्दा हवालदार, गाव पुण्याजवळचं वरवे बुद्रुक. पोस्टचा दवाखाना, एमआय रूम, म्हणजे पत्र्याची खोली, दोन कॉट आणि ऊब देणारी एक बुखारी. डॉक्टर एकच, पंजाबचे एक कॅप्टनसाहेब. सकाळी सिक रिपोर्टला आलेले आजारी जवान तपासणं, दुपारी ऑक्सिजनचे सिलिंडर तपासणं, संध्याकाळी जवानांच्या पायांची बोटं काळी पडलीत का ते बघणं. रोजचं काम एवढंच.

पलटणीत आमच्या भागातले आणखी दोघं होते. नाईक बबन कोकरे वेल्ह्याच्या डोंगरातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शिपाई संतोष पवार भोंगवलीचा, गाडीवर ड्रायव्हर. तिघं एकत्र बसलो की हिंदी आपोआप सुटायची.

त्या दिवशी हे दोघं रेशन घेऊन खालून येत होते. अकराच्या सुमारास वायरलेसवर कळलं, गाडी दरीत गेली. सर्च पार्टी तळाच्या नाल्यात उतरली. चेपलेल्या गाडीपाशी बबन सापडला. संतोष दिसला नाही. तो बर्फाखाली असेल असं धरून पार्टी नाल्यातच शोधत राहिली आणि बबनला स्ट्रेचरवरून आमच्याकडे आणलं.

डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या होत्या. छाती हलली की कळ यायची, म्हणून तो पुरता श्वासच घेत नव्हता. ओठ निळे पडलेले. मधूनच एक शब्द बाहेर यायचा.

"वर."

त्याला उठून बसायचं असेल असं समजून मी पाठीला उशी लावली. त्यानं मान हलवली. पुन्हा तेच, "वर."

मॉर्फिननं श्वास आणखी मंदावण्याची भीती होती. साहेबांनी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, द्यायचं ठरवलं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं एक नस जाते. सुई आधी हाडाला टेकवायची, मग कडेवरून खाली घसरवून किंचित आत न्यायची. जास्त गेली तर फुप्फुसाला भोक. सिरिंज मागं ओढून रक्त किंवा हवा येत नाही ना, ते बघायचं आणि मगच औषध सोडायचं. साहेबांनी बुखारीवर हात शेकून घेतले. मी बबनला कुशीवर धरलं.

"हिलने मत देना," ते एवढंच बोलले.

शेवटची सुई निघाल्यावर थोड्या वेळानं बबननं पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. खोकला. मग बोलला.

"संत्या खाली न्हाई. वरच्या वळणाला दार उघडलं, तितंच फेकला गेला. मला हाक मारत हुता."

मी साहेबांना हिंदीत सांगितलं. त्यांनी वायरलेस सेट उचलला. पार्टीला नाल्यातून परत चढायला तास लागला. बर्फ पडायला लागला होता. आम्ही तिघं सेटकडे बघत राहिलो.

"मिल गया. ओवर."

"कंडीशन बताओ. ओवर."

नुसती खरखर.

"जल्दी नहीं है, साहब. ओवर."

वळणाच्या जरा खाली, खडकाच्या आडोशाला संतोष पडला होता. पहिल्यांदा उतरताना पार्टी त्याच्या शेजारूनच नाल्याकडे गेली होती. वाऱ्यात त्याची हाक पोचली नाही, की तोवर तो गेला होता, ते कधीच कळलं नाही. बबनच्या बरगड्या आता गप्प होत्या. रडायला काही अडचण नव्हती. तो रडला नाही.

आता आम्ही दोघंही पेन्शनवर आहोत. बबनची हाडं जुळली, पण एक नस जुन्या मोडलेल्या जागी अडकून राहिली. सदरा घासला तरी तो कळवळतो. दर काही महिन्यांनी मी त्याला पुण्याला तेच इंजेक्शन घ्यायला नेतो. आता डॉक्टर मशीनच्या पडद्यावर सुई बघत टोचतात. पुढचे काही तास त्याला आराम असतो. येताना नसरापूरला एसटीतून उतरलो की तो वेल्ह्याची गाडी धरत नाही. आम्ही भोंगवलीला जातो.

संतोषचे वडील, बापू, ओट्यावर बसलेले असतात.

"सुई झाली का?"

"व्हय, बापू."

"मग बस. दुखत न्हाई तंवर बोल."

आणि बबन संतोषबद्दल बोलतो. गेल्या खेपेला सांगितलं, की समोर कुणी नसलं तरी संतोष प्रत्येक वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा. डोंगराला कळू दे आपण आलोय, म्हणायचा.

बापू म्हणाले, "बैलं जुपली की हितंबी तसाच वरडायचा. त्याच्या आईला वाटायचं, पावणं आलं."

दिवस कलला. औषध उतरत होतं. बबननं डावा हात बरगड्यांवर दाबून धरला आणि पुढं सांगत राहिला.

शिपाई संतोष पवार, ड्रायव्हर, राहणार भोंगवली. डिझेल वाचवायला म्हणून उतारावर त्यानं गाडी कधी न्यूट्रलला टाकली नाही.